मागच्या गल्लीतला भोंगा

माझा उजवा कान कामातून गेला त्याला डॉक्टर वयाचं कारण देतात. मी वाद घालत नाही. पण तीस वर्षं ज्या बाजूला भोंगा असायचा नेमका तोच कान का जावा, हे काही त्यांना सांगता येत नाही. लग्नं, गणपती, कव्वाल्या, कुस्त्या, सगळीकडे मी लाउडस्पीकर लावले आणि तेव्हा कानाचं काही बिघडलं नाही. कान गेला तो निवडणुकांनी. कव्वाल निदान मधूनमधून थांबून श्वास घेतो.

आमचं घराणं उमरेडचं, विणकरांचं. घरात माग होता. मला मागाचा खटखटाट सोसेना म्हणून मी नागपूरला आलो, रेडिओदुरुस्ती शिकलो आणि पाचपावलीत लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान टाकलं. खटखटाटाला कंटाळलेल्या माणसानं भोंग्यांचा धंदा करावा, यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, या धंद्यात काम असतं ते आवाज मोठा करण्याचं. आवाज कोणीही मोठा करील. खरं काम असतं शिट्टी थांबवण्याचं. माईकमध्ये गेलेला आवाज भोंग्यातून बाहेर येतो. तो फिरून माईकमध्ये शिरला की पुन्हा भोंग्यातून येतो, आणि अशा चार फेऱ्या झाल्या की कान किटवणारी शिट्टी सुरू होते. ती होऊ नये म्हणून भोंग्यांची तोंडं माईकपासून फिरवून बांधायची आणि मशीनच्या, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या, बटणावर बोट ठेवून बसायचं. वक्ता ओळखावा लागतो. कोणी माईक गिळायला निघाल्यासारखा पुढे येतो, कोणी वीज लागेल या भीतीनं हातभर लांब उभा राहतो. "वसंताच्या मशीनवर शिट्टी होत नाही" असं नागपुरात म्हणत असत. फुशारकी म्हणा, पण माझ्याजवळ फुशारकी मारण्यासारखं तेवढं एकच होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक अपक्ष उमेदवार होते, शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर. त्यांनी दिवसभरासाठी सायकलरिक्षा आणि भोंगा ठरवला. मी विचारलं, कोणकोणत्या वस्तीत फिरायचं? ते म्हणाले, "वस्त्या नंतर पाहू, आधी माह्या सासुरवाडीले चाल." त्या गल्लीत आम्ही संध्याकाळपर्यंत फेऱ्या मारल्या. सासरे दार लावून आत बसले होते. मास्तरांना मतं किती पडली ते मला ठाऊक नाही, पण परत येताना त्यांच्याइतका समाधानी उमेदवार मी पुन्हा पाहिला नाही.

मी कोणत्याच पक्षाचा नव्हतो. माईक सगळ्यांना तोच. सकाळी एकानं दुसऱ्याला त्यावरून चोर म्हणावं, संध्याकाळी दुसऱ्यानं पहिल्याला म्हणावं, आणि दोघांनीही जाताना माझ्या पाठीवर थाप मारावी. अशी सगळ्यांची भाषणं एकाच खुर्चीवर बसून ऐकली की कोण काय बोलतो त्यापेक्षा कोण काय टाळतो तेच जास्त लक्षात राहायला लागतं. एक गोष्ट सगळेच टाळत. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे, आणि आतापर्यंत मीही ती टाळत आलो, हे तुमच्या ध्यानात आलं असेलच.

आमच्या पाचपावली-इंदोऱ्याच्या भागात छप्पनच्या दसऱ्याला दीक्षा घेतलेली घरंच घरं. धर्म बदलला आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ज्या सवलती होत्या त्या या लोकांच्या हातून गेल्या, कारण दिल्लीच्या नियमात बौद्ध बसत नव्हते. राज्यानं आपल्यापुरत्या दिल्या, दिल्लीनं नाही. माणसं तीच, गल्ली तीच, गिरणीत त्यांना मिळणारं काम तेच. बदलला तो फॉर्मातला एक रकाना. पुष्कळ जण मग घरात बुद्धाची तसबीर लावत आणि फॉर्मावर हिंदू लिहीत. त्यांना नावं ठेवणारे होते, तसे हिंदू न लिहिता नोकरीविना घरी बसलेलेही होते. सवलत द्यावी म्हणणारे या वस्तीत, देऊ नये म्हणणारे शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मतं दोन्हीकडची हवी. त्यामुळे प्रत्येक उमेदवार इथे येऊन रस्त्यावर बोले, नळावर बोले, महागाईवर बोले आणि फॉर्मातल्या त्या रकान्यापाशी आला की पाणी मागे.

एकाहत्तरच्या लोकसभेला एका मोठ्या उमेदवाराचं काम मला मिळालं. नाव लिहीत नाही, नातवंडं शहरात आहेत. सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांच्या प्रचाराची व्यवस्था मुकुंदराव नावाचे गृहस्थ पाहत. खांद्यावर कायम दुपट्टा, तोंडात सुपारी आणि बोलणं अगदी गोड. सभांची यादी देताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "वसंता, सभेत कोणी तो दिल्लीच्या सवलतीचा सवाल काढला अन् मी दुपट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, का तुही मशीन बिघडली पायजे."

"माही मशीन बिघडत नसते, मुकुंदराव."

"म्हणून तं तुले सांगून राहिलो. दुसऱ्याची बिघडली तं लोक म्हणतीन मुद्दाम केलं. तुही बिघडली तं म्हणतीन, बिचाऱ्याची मशीन जुनी झाली."

मी हो म्हणालो. त्यात काय काय होतं ते आता सोलून पाहण्यात अर्थ नाही. त्या आठवड्यात दोन सभांत दुपट्टा हलला आणि दोन्ही वेळा मी बटण पुरतं फिरवून शिट्टी दिली, मग मशीन बंद केली आणि वायर पाहत असल्यासारखा वाकून बसलो. पाच मिनिटांनी सुरू केली तोवर विचारणारा खाली बसलेला असे. पहिल्या वेळी लाज वाटली. दुसऱ्या वेळी फक्त पाठ दुखली.

तिसरी सभा आमच्याच चौकात होती.

दुकानाच्या मागच्या गल्लीत गणपतमामा राहत. नात्यातले नव्हते, पण मी नागपुरात आलो तेव्हा पहिली दोन वर्षं त्यांच्याच घरचा चहा प्यायलो. गिरणीतून निवृत्त झाले होते. कापसाची धूळ छातीत बसलेली, चार पावलं चालले की धाप लागे. त्यांची मुलगी शशिकला मॅट्रिक होती, टायपिंगची परीक्षा झालेली. राज्याच्या दोन जागा हुकल्या होत्या. आता दिल्लीच्या एका खात्याच्या नागपूर कार्यालयात कारकुनांची भरती निघाली होती. वयाची अट पंचविशीची, अनुसूचित जातींना पाच वर्षांची सूट. शशिकलेला सत्तावीस पुरी झाली होती. म्हणजे हिंदू लिहिलं तर ती परीक्षेला बसू शकत होती, बौद्ध लिहिलं तर फॉर्मच परत येणार होता. शेवटची तारीख सभेनंतर तिसऱ्या दिवशी होती.

सभेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तर बापलेकीचं जुंपलेलं.

"कागदावरच तं लिहायचं आहे, बाबा. मनावर थोडीच लिहून राहिली मी."

"कागदावर लिहाचं होतं तं मी त्या दसऱ्याले गेलो कायले वं?" मामांना बोलताबोलता खोकला आला. "थांब जराशी. होते हे. साहेब मागच्या चुनावात याच खाटेवर बसून सांगून गेला, दिल्लीत बोलतो म्हणून. तीस वर्षांची होईस्तोवर तीन वर्षं आहेत तुह्याजवळ."

"खाटेवर बसून कोणीबी म्हणते. माईकवर म्हणू द्या."

"म्हणन ना."

"ठीक आहे. उद्या मी सभेत उभी राहून विचारीन. चार लोकांत हो म्हणला तं बौद्ध लिहीन अन् फॉर्म परत येऊ देईन, तीन वर्षं वाट पाहीन. नाही म्हणला तं हिंदू लिहीन, अन् मंग तुम्ही मले काही म्हणाचं नाही."

मामांनी मान हलवली. त्यांचा साहेबांवर विश्वास होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वसंता, मले चौकापर्यंत येणं होत नाही गा. इथं ऐकू येईन का?"

मी म्हणालो, "मामा, तुमच्यासाठी वेगळा भोंगा लावतो."

आणि लावला. हौसेनं लावला, हे सांगितलं पाहिजे. त्यांच्या दारासमोर कडुनिंब होता, त्यावर एक जुना भोंगा बांधला. मोठ्या मशीनवर आधीच सहा भोंगे होते, सातवा तिला झेपला नसता. म्हणून माईकच्या तारेला दोन फाटे केले. एक मोठ्या मशीनला, दुसरा दुकानातल्या जुन्या छोट्या मशीनला. ती छोटी मशीन टेबलाखाली ठेवली आणि तिथून तार थेट मागच्या गल्लीत नेली. मुकुंदरावांचा दुपट्टा माझ्या डोक्यात होता, शशिकलेचा प्रश्नही होता. दोन्ही एकाच सभेत येणार हे मला कळत होतं. तरी मी भोंगा बांधला आणि स्वतःला सांगितलं, पाहू काय होते ते.

संध्याकाळी चौक भरला. गल्लीतली सगळी माणसं पुढे आली होती, मागे मामा एकटे खाटेवर. साहेब गरिबीवर अर्धा तास छान बोलले. ते थांबले तशी बायकांच्या बाजूनं शशिकला उभी राहिली.

"साहेब, आम्ही बौद्ध झालो म्हणून दिल्लीच्या नोकरीत आमची सवलत गेली. तुम्ही निवडून गेले तं तिथं याच्यावर बोलसान का नाही, एवढं सांगा."

साहेबांनी माईककडे तोंड केलं. मुकुंदरावांनी दुपट्टा खांदा बदलून घेतला.

मी शिट्टी दिली. सहा भोंग्यांतून ती अशी काही निघाली की पुढच्या रांगेतल्या पोरांनी कान झाकले. मग मी मोठ्या मशीनचं बटण शून्यावर आणलं. लोक ओरडायला लागले, "अरे वसंता, काय झालं बे?" मी सवयीप्रमाणे वाकलो. टेबलाखालची छोटी मशीन चालूच राहिली. तीस वर्षांत ही एकच चूक मी अशी केली की कोणत्याही शिकाऊ माणसानंही केली नसती. माझ्या लेखी सभेला मशीन एकच होती. दुसरी मी धंद्यासाठी लावलेलीच नव्हती.

माईक बंद पडला असं समजून साहेब तिथेच उभ्याउभ्या मुकुंदरावांशी बोलले. टेबल त्यांच्या पायाशी होतं, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"पोरगी कोणाची आहे पाहा बरं. अन् हे दिल्लीत कोणालेच नाही पायजे, मुकुंदराव. मीबी बोलणार नाही. बोललो का तिकडली मतं जातीन. अन् हे लोक जाऊन जाऊन जातीन कुठं? देतीन आपल्यालेच."

चौकातल्या गोंगाटात ते कोणाला कळलं नाही. पण ते बोलत असतानाच तीच वाक्यं मागच्या गल्लीकडून, जुन्या भोंग्याच्या खरखरीसकट, येत होती, आणि माझ्या सवयीच्या कानाला ती शेवटी शेवटी ओळखू आली. मी टेबलाखाली हात घालून तार उपटली. पुढे मशीन सुरू केली तेव्हा मुकुंदरावांनी घोषणा द्यायला लावल्या, हार घातले आणि सभा संपली. शशिकला तोवर उभीच होती.

दिवे लागायच्या वेळी मी भोंगा उतरवायला गल्लीत गेलो. मामा खाटेवर बसलेले. माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. मी झाडावर चढायचं सोडून उभा राहिलो. तेवढ्यात शशिकला आली.

"झालं बाबा. माह्या सवालावरच मशीन बंद पडली. साहेबानं काही सांगतलं नाही. आता मी लिहितो."

मामा म्हणाले, "सांगतलं."

"कवा?"

"चौकातले भोंगे बंद होते. हा चालू होता. मी ऐकलं ना. दिल्लीत बोलतो म्हणला. तुह्याच सवालाले हो म्हणला तो."

आयुष्यात मी मामांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. ते बोलत होते आणि खाटेची दोरी मुठीत घट्ट धरून होते. शशिकला माझ्याकडे वळली.

"वसंतभाऊ, तुम्ही तं मशीनपाशीच होते. खरंच म्हणला का तो?"

मामा माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांना विनवणीही करायची नव्हती, आणि मी काय सांगेन ते ऐकायचंही नव्हतं. मी म्हणालो, "हो. म्हणला."

एवढंच. भोंगा उतरवला, तार गुंडाळली आणि दुकानात आलो. मी मनाला समजावलं की म्हाताऱ्या माणसाची अब्रू राखली. पुढे पुष्कळ वर्षं तेच समजावत राहिलो. मधूनमधून ते पटेही.

शशिकलेनं बौद्ध लिहिलं आणि फॉर्म वय जास्त म्हणून परत आला. साहेब निवडून आले. दिल्लीत ते कशाकशावर बोलले हे वर्तमानपत्रात येई, मी रोज वाचत असे. यावर बोलल्याचं कधी आलं नाही. तीन वर्षं गेली, शशिकलेची तिशी उलटली. मामा तर सभेनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात वारले होते. ती कोराडीला वीज केंद्राच्या वसाहतीजवळ एका खासगी प्राथमिक शाळेत लागली. रोज सकाळी माझ्या दुकानासमोरच बस पकडायची, संध्याकाळी यायची तेव्हा पदरावर राखेची बारीक भुकटी असायची. लग्न झालं, मुलगी झाली. आम्ही रोज बोलत असू, पाऊसपाणी, भाजीचे भाव. मी सभांमध्ये मशीन बिघडवणं त्यानंतर सोडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण पुढच्याही दोन निवडणुकांत दुपट्टा हलला की मी बटण फिरवलं.

एकोणनव्वदच्या निवडणुकीपर्यंत धंदा बदलला होता. कॅसेटा आल्या, जीपा आल्या. सभा कमी आणि बंदोबस्त जास्त. कोराडीच्या वसाहतीत एका नव्या उमेदवाराची सभा होती, माणूस तरुण होता. त्यानं विजेवर बोलून झालं, कोळशाच्या ट्रकांवर बोलून झालं आणि त्या रकान्याच्या विषयापाशी येताच पाणी मागितलं. मला हसू आलं आणि कंटाळाही आला. दिल्लीत तो नियम बदलला खरा, पण पुढच्या वर्षी. तोवर शशिकला पंचेचाळिशी ओलांडून गेली होती.

सभा संपल्यावर ती शाळेतून निघून माझ्या मशीनपाशी आली. बसला वेळ होता. उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली आणि म्हणाली, "वसंतभाऊ, एक विचारू का? त्या दिवशी साहेब काय म्हणला होता?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी तार गुंडाळत होतो ती खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. दुपट्टा, शिट्टी, टेबलाखालची मशीन, साहेबांची वाक्यं जशीच्या तशी. मला ती पाठ होती.

"बराबर आहे," ती म्हणाली. "बाबानंबी असंच सांगतलं होतं."

"मामांनी? कवा?"

"फॉर्म गेल्यावर चार दिवसांनी. जेवणच नव्हते करून राहिले. मंग रडून सांगतलं सगळं."

"मंग आता मले कायले विचारलं तुनं?"

"तुम्ही कवा सांगता ते पाहून राहिली होती. रोज तुमच्या दुकानापुढूनच तं बस पकडतो मी." तिनं पिशवीचा बंद नीट केला. "बाबाचं मले समजलं. मी ते हिंदू लिहिलं असतं तं त्याले सहन नसतं झालं. त्याच्यासाठी तेवढं तरी होतं. तुमचं काय होतं?"

माझं म्हाताऱ्याच्या अब्रूचं उत्तर तयार होतं. अठरा वर्षं घासून घासून लख्ख केलेलं. पण तिच्याकडे पाहून ते तोंडातून निघेना.

"त्या साहेबाच्या अजून सात सभा बाकी होत्या," मी म्हणालो. "खरं सांगतलं असतं तं त्या गेल्या असत्या."

"सातच?" तिनं विचारलं. मग तिची बस आली आणि ती गेली.